हवाना शहरातील पडीक जागांवर भाजीपाला

शहरातील पडीक सरकारी जागा म्हटली की कचऱ्याचे ढीग, झुडपे आणि अतिक्रमण हेच डोळ्यांपुढे येते. क्यूबाची राजधानी हवाना येथे मात्र १९९० नंतरच्या दशकात अशा जागांवर भाजीपाल्याचे मळे उभे राहिले, तेही हौसेपोटी नव्हे, तर उपासमारीच्या भीतीपोटी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि क्यूबाचा परदेश व्यापार कोसळला. अन्नधान्याबरोबर खते, कीटकनाशके व इंधन यांचीही आवक घटली. खेड्यांत पिकलेला माल शहरात आणणेदेखील दुरापास्त झाले. तेव्हा नागरिकांनी घरालगतच्या रिकाम्या जागा खणावयास प्रारंभ केला. शासन त्यांच्या मागून आले.

शासनाने प्रथम जमिनीच्या हक्काचा प्रश्न सोडविला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मालकी सरकारची राहिली, वापराचा हक्क कसणाऱ्यास विनाभाडे मिळाला. जमीन विकता येत नसे. (आपल्याकडील वर्ग २ च्या भोगवटादाराशी हस्तांतरणावरील बंधनापुरते याचे साम्य आहे.) पुढे २००८ च्या २५९ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने देशभर भूमिहीन व्यक्तीस १३.४२ हेक्टरपर्यंत पडीक सरकारी जमीन १० वर्षांसाठी देण्याची तरतूद केली. मुदतीला महत्त्व आहे. वर्षभरात जागा काढून घेतली जाईल अशी धास्ती असणारा मनुष्य मातीत शेणखत घालीत नाही.

आणि तेथे मातीच नव्हती. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा पडलेल्या जागेत काय उगवणार? त्यावर ‘ऑर्गानोपोनिको’ ही पद्धती उपयोगी पडली. सिमेंटचे तुकडे, दगड किंवा जुन्या पत्र्यांच्या कडा उभारून लांब गादीवाफे करावयाचे व त्यांत माती आणि कुजलेले खत भरावयाचे. रासायनिक औषधे दुर्मिळ झाल्याने कडेला मका, झेंडू लावणे, कडुनिंबाचा वापर करणे व उपयुक्त बुरशींची पैदास करणे हे उपाय रूढ झाले. कृषी खात्याने शहरासाठी स्वतंत्र विभाग काढला. बी-बियाणे व सल्ला देणारी दुकाने वस्तीवस्तीत उघडली. पूर्वेकडील आलामार वसाहतीत १९९७ मध्ये सुरू झालेला मळा पुढे सुमारे ११ हेक्टरांपर्यंत वाढला. माल मळ्याच्या दारातच विकला जाई, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्न उरला नाही.

या यशाला मर्यादाही आहेत. वाफ्यांतून पालेभाजी, मुळा, कांद्याची पात मिळते. तांदूळ व गहू मिळत नाही. धान्याचा मोठा भाग क्यूबाला आयातच करावा लागला. शिवाय वाफ्यांना नळाचे पाणी दिल्याने शहराच्या पुरवठ्यावर ताण पडला.

पाण्याचा प्रश्न मुंबईलाही अपरिचित नाही. तेथे रेल्वेमार्गालगतच्या जागा ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वे कर्मचाऱ्यांना परवान्याने देण्यात आल्या. अतिक्रमण रोखणे हाही एक हेतू होता. पालक, माठ, मुळा, भेंडी उत्तम पिकली. परंतु अनेक ठिकाणी ती नाल्याच्या सांडपाण्यावर वाढविली गेल्याने ग्राहकांच्या आरोग्याविषयी वारंवार आक्षेप घेतले गेले. जागा देणाऱ्या कार्यालयाने विहीर अथवा शुद्ध केलेले पाणी कोठून मिळेल, याची चौकशी परवान्यापूर्वीच करावयास हवी. पीक उभे राहिल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.