रानकेळ : एकदाच फळणारी

केळीला बी असते का? बाजारातले केळे कापले की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. ते न वाढलेल्या बियांचे अवशेष. म्हणून अर्धापूरचा बागायतदार बी पेरत नाही, कंद किंवा मुनवे लावतो.

सह्याद्रीच्या कड्यांवर मात्र बियांची केळ आहे. तिला रानकेळ, कवदर, चवेणी म्हणतात. रॉक्सबर्ग यांनी तिला ‘मुसा सुपर्बा’ म्हटले, म्हणजे देखणी केळ. आज तिचे शास्त्रीय नाव ‘एन्सेटे सुपर्बम’. गट बदलण्याचे कारण महत्त्वाचे आहे : हिला मुनवे फुटत नाहीत.

पहिल्या पावसात उघड्या खडकातून तिची हिरवीगार पाने वर येतात. ‘खोड’ दिसते ते खरे तर पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले थर. पावसाळा सरला की पाने वाळतात आणि बुडाशी फुगलेला गड्डा तेवढा उन्हाळा काढतो. अशी काही वर्षे गेली की एकदाच लालसर तपकिरी केळफूल लोंबते, फळे धरतात आणि झाड मरते. फळात गर थोडा. बाकी सगळ्या टणक काळ्या बिया.

आपल्या कोलाम-गोंड बांधवांचा मोह वेचला तरी पुढल्या वर्षी पुन्हा फुलतो. रानकेळीचे तसे नाही. भाजीसाठी केळफूल तोडले की त्या झाडाचा वंश तिथेच संपतो. मूतखड्यावर औषध म्हणून बियाही गोळा होतात. (लघवी अडली, ताप आला, तर चूर्णावर विसंबू नका; दवाखाना गाठा.) घड काढायचाच असेल तर पिकू द्यावा आणि निम्म्या तरी बिया तिथेच कड्यावर टाकाव्यात.

इथिओपियात हिची बहीण ‘एन्सेटे व्हेंट्रिकोसम’ सुमारे २ कोटी लोकांचे अन्न आहे. फळ नव्हे, खोड आणि गड्डा खरवडून, आंबवून भाकरी करतात. तिलाही आपणहून मुनवे येत नाहीत. तिथले शेतकरी गड्ड्याचा मधला कोंब काढून टाकतात, मग कडेने अनेक रोपे फुटतात.

आपल्याकडे कुणाला लावायची असेल तर बी भिजवून पेरावे आणि धीर धरावा. उगवायला कित्येक आठवडे लागतात. यवतमाळच्या काळ्या जमिनीत पाणी साचून गड्डा कुजेल. उताराची, मुरमाड जागा निवडावी.