घेरीची तजवीज

रुग्णसेवेत नव्याने आलेल्या मुलामुलींना शस्त्रक्रियागारात घेरी येणे ही गोष्ट इतकी सर्रास घडणारी आहे की, तिच्याविषयी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी अधिकारवाणीने चार शब्द सांगावयास हवेत. परंतु आपल्याकडचा शिरस्ता असा की, जी पडली तिला हसावयाचे, जी पडली नाही तिने तो प्रसंग महिनाभर तिखटमीठ लावून सांगावयाचा, आणि पडलेलीने ‘आपण या कामास नालायक’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन गप्प बसावयाचे. माझी उभी हयात परिचारिका म्हणून शस्त्रक्रियागारात गेली आणि पुढे विद्यार्थिनींना शिकविण्याचे कामही वाट्याला आले. त्या नात्याने, आणि स्वतः एकदा सपशेल आडवी झालेली या नात्याने, हा विषय लिहावयास घेतला आहे.

मधुमेहाने सडलेला पाय गुडघ्याखाली कापण्याची ती शस्त्रक्रिया होती. त्या दिवशी संकष्टी, सकाळी सातची ड्यूटी, पोटात कपभर चहा. आणि ‘हलू नकोस, कशाला हात लावू नकोस’ अशी ताकीद मिळालेली असल्यामुळे मी गुडघे ताठ करून उपकरणांच्या ट्रॉलीमागे उभी होते. रक्ताची धार दिसली की माणूस कोसळतो असा समज आहे. मला रक्ताने काहीच झाले नाही. कॉटरीने मांस जळल्याचा वास मात्र मास्कच्या आत शिरला आणि तेथेच मुक्काम करून राहिला, आपल्याच श्वासाची ओल नाकाखाली साचू लागली, आणि मग जांभया सुरू झाल्या, एकीमागून एक, दात आवळले तरी न आवरणाऱ्या. “रात्री झोपली नव्हतीस का गं?” असे स्टाफ सिस्टरांनी दरडावून विचारले आणि मी खाली मान घातली. जांभई ही घेरीची पहिली वर्दी असते, हे ना त्यांना ठाऊक होते ना मला. पाठोपाठ तोंडाला पाणी सुटले, तळहात गार पडून घामेजले, डॉक्टरांचे बोलणे दुरून ऐकू येऊ लागले आणि दृष्टी कडांकडून काळवंडत आली. ‘सिस्टर, मला कसंसंच होतंय’ एवढे म्हणावयास अवधी पुष्कळ होता, छाती नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा हनुवटी फुटली होती आणि निर्जंतुक केलेला एक सबंध ट्रे जमिनीवर होता.

या प्रकारात शरीरात घडते ते असे. मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरते; चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलीत राहतात, परंतु निश्चल उभे राहणाऱ्याच्या पोटऱ्या हे काम करीत नाहीत. त्यात उपाशीपणा, उकाडा आणि पाण्याची कमतरता यांची भर पडते. अशा वेळी जखमेचे दृश्य किंवा उग्र वास यांनी प्रथम नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि मग एकाएकी उलट हुकूम सुटावा तसे रक्तवाहिन्या सैलावतात, वेगस नावाच्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त अपुरे पडते. यात धैर्याचा संबंध फारसा येत नाही. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यातून आलेली असते. चार्ल्स डार्विन 1825 साली एडिंबरोला वैद्यक शिकावयास गेला, तेथे क्लोरोफॉर्मपूर्व काळातील दोन शस्त्रक्रिया पाहून, त्यांतली एक लहान मुलावरची, त्या संपण्यापूर्वीच बाहेर पळाला आणि पुढे ती विद्याच त्याने सोडली, हे पुष्कळांस माहीत असते. त्याच्या वडिलांनाही रक्त पाहणे असह्य होत असे आणि तरीही ते श्रूजबरीचे नामांकित डॉक्टर होते, हे मात्र कोणी सांगत नाही. मला या दोघांत वडिलांचा दाखला अधिक मोलाचा वाटतो.

आता उपायांकडे वळू. ‘मन घट्ट कर’ आणि ‘अंग सैल सोड, शांत हो’ हे दोन उपदेश सर्वत्र मिळतात. त्यांपैकी पहिला निरुपयोगी आणि दुसरा, रक्त पाहून घेरी येणाऱ्यांच्या बाबतीत, अपायकारक आहे, कारण कोसळू पाहणारा रक्तदाब अंग सैल सोडल्याने सावरत नाही. घट्ट करावयाचे ते मांड्या, नितंब, पोट आणि दंड. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980 नंतरच्या दशकात ही रीत पद्धतशीरपणे शिकविली: हे सर्व स्नायू दहापंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, आवळून धरावयाचे, मग ताण कमी करून पूर्ववत व्हावयाचे, वीसतीस सेकंदांनी पुन्हा तेच, असे पाच वेळा. श्वास मात्र कोंडू नये. घरी बसून याचा सराव आधी करावा लागतो. ऐन घेरीत ते प्रथमच सुचत नाही. उभे असताना एका पायावर दुसऱ्या पायाची आढी घालून मांड्या दाबणे हा त्यातलाच सोपा प्रकार, आणि गाऊनखाली तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपवासाविषयी लिहिले तर काही वाचकांना रुचणार नाही, तरी लिहिते: थिएटरच्या दिवशी उपवास करू नये, करावयाचाच असेल तर साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन आणि दोन पेले पाणी पिऊन जावे. गुडघे ताठ ठेवू नयेत. टाचा उचलीत, भार बदलीत राहावे. वर्दी मिळताच टेबलापासून मागे सरून बोलून टाकावे आणि जमिनीवर बसावे, मग कोणी काहीही म्हणो.

पडलेलीला दोघींनी काखेत हात घालून उभे धरणे, खुर्चीत बसविणे, तोंडात पाणी ओतणे, कांदा हुंगविणे हे सारे प्रकार मी आरोग्यखात्यातल्याच माणसांच्या हातून झालेले पाहिले आहेत. उभे धरल्याने मेंदूला रक्त पोचण्यास उशीर होतो आणि हातपाय झटके देऊ लागतात. मग आकडी समजून वेगळीच धावपळ होते. तिला उताणी निजवावी, पाय उचलून धरावे, आणि बरे वाटले तरी दहापंधरा मिनिटे उठू देऊ नये. मात्र जिला पूर्वसूचनेशिवाय, पळताना किंवा जिना चढताना, छातीत धडधड होऊन शुद्ध हरपते, किंवा जिच्या घरी कोणी तरुण वयात अचानक दगावले आहे, तिने माझा हा लेख बाजूला ठेवून आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

राहिली विनंती थिएटरच्या प्रमुख सिस्टरांना. नव्या तुकडीला हजेरी घेतानाच सांगावे, की कसेसेच वाटले तर परवानगी न मागता मागे सरून बसण्याची मुभा आहे आणि त्याबद्दल कोणी शब्दाने बोलणार नाही. आणि जी बसेल तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घ्यावे.