ओट्यावरचा निवडुंग : कुंडीत जोपासा चाऱ्याचे बेणे



फड्या निवडुंग आपल्याला नवा नाही. याच कुळातील काटेविरहित जात अलीकडे टंचाईतील पूरक चारा म्हणून लावली जाते. शोभेसाठी आणलेले रोप जतन केल्यास पुढे शेतासाठी तेच बेणे होते. मात्र जळगाव-धुळ्याच्या कडक उन्हात तग धरणारे हे झाड घरात बहुधा मरते ते जास्त पाण्याने.

असे का होते? ज्याला आपण पान म्हणतो तो फडा म्हणजे खोडच. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. याची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. साठा अंगातच असल्याने मुळाशी सतत ओल राहिली की मुळे कुजतात.

माती व कुंडी : नुसती काळी माती वापरू नये, ती पाणी धरून ठेवते. जाड वाळू २ भाग, पोयटा १ भाग व चांगले कुजलेले शेणखत १ भाग असे मिश्रण करावे. तळाला छिद्र असलेली मातीची कुंडी घेऊन छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा.

लागवड : ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व, निरोगी फडा सांध्यापाशी कापावा. सावलीत २ ते ३ आठवडे ठेवून जखम सुकू द्यावी. ताजा फडा लावल्यास तो कुजतो. एक तृतीयांश भाग मातीत उभा पुरावा आणि पहिले ८-१० दिवस पाणी देऊ नये. काटेविरहित जातीलाही बारीक कुसळे असू शकतात. फडा पोत्याच्या जाड घडीत धरावा व कुंडी मुलांच्या हातापासून दूर ठेवावी.

पाणी व ऊन : बोटभर खोल माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात साधारण १० ते १५ दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, आडोशाला पण उजेडात ठेवावी. रोज ५-६ तास ऊन हवे. उजेड कमी पडल्यास नवे फडे बारीक व लांबुळके निघतात. सावलीतली कुंडी मे महिन्यात एकदम धाब्यावर नेऊ नये, फडे करपतात. उन्हाची सवय हळूहळू लावावी.

कीड : फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले व चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर ती कोचिनील कीड समजावी. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या अशाच किडीने दक्षिण भारतातील काटेरी निवडुंगाचे रान आटोक्यात आणले होते, म्हणून दुर्लक्ष करू नये. पुंजके ओल्या फडक्याने पुसून साबणाच्या पाण्याने धुवावेत. जास्त किडलेला फडा कापून जाळावा.

पुढे काय? कुंडीतले झाड जनावराचे पोट भरणार नाही. तो बेण्याचा साठा आहे. झाड वाढले की वरचे पक्व फडे काढून निचऱ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत लावावेत. पुढे चाऱ्यासाठी वापरताना फड्यांचे तुकडे करून कडब्यात मिसळावेत व सुरुवात थोड्यापासून करावी. यात प्रथिने कमी व पाणी जास्त असल्याने नुसता निवडुंग दिल्यास जनावरांना पातळ शेण होते.

साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडे पाऊस दगा देतो तेव्हा बेणे शोधायला वेळ नसतो. म्हणून यंदाच ओट्यावर दोन कुंड्या लावा, आणि त्यांना पाणी घालताना हात आखडता ठेवा.