भार पडल्यावरच कळतं

मित्रांनो, आजचा धडा जुन्या मोटरहोमच्या बंद पडलेल्या एसीचा. लक्षात ठेवायचं एकच: जोड पक्का आहे की नाही, हे भार पडल्यावरच कळतं.

इथे ॲरिझोनात जुलैमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. चाकांवरच्या घरातला एसी बंद पडला आणि आत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असलं, तर तो फक्त गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. म्हणून आधी माणसांना गार जागी न्या, मग दुरुस्तीला हात घाला.

मोटरहोममध्ये विजेचे दोन संसार असतात. पहिला १२० व्होल्टचा. ही वीज कॅम्पच्या खांबावरून किंवा जनरेटरमधून येते आणि छतावरचा एसी तिच्यावर चालतो. दुसरा बॅटरीचा, १२ व्होल्टचा. दिवे, पाण्याचा पंप आणि बऱ्याच गाड्यांत एसीचा थर्मोस्टॅटसुद्धा याच्यावर. त्यामुळे एसी अजिबात दाद देत नसेल, तर १२ व्होल्टचा फ्यूज आणि बॅटरीही बघा. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. जुन्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे चासीला जोडलेली असते, तिथला गंजही तपासा.

आता आमचंच उदाहरण घ्या. गाडी १९९८ची. सासूबाई सोबत होत्या आणि एसी सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडायचा. जो तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, नवीन युनिट घ्या." मी आधी गाडीतल्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला. एसी बंद असताना ११९ व्होल्ट. अगदी छान! एसी चालू केला आणि आकडा १०१वर आला. खांबावर मात्र त्याच वेळी ११७ होते. म्हणजे वीज वाटेतच कुठेतरी हरवत होती. खांबाचा ब्रेकर पाडून केबल काढली, तर प्लगची एक पट्टी काळी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. नवीन प्लग बसवला आणि तोच "गेलेला" कॉम्प्रेसर चालू लागला. असा सैल, तापलेला जोड पुढे आगही लावू शकतो.

म्हणून तपासायचा क्रम ठेवा: खांब, प्लग, केबल, जनरेटर आणि खांब यांत अदलाबदल करणारा स्विच, ब्रेकर आणि सगळ्यात शेवटी एसी. भार असताना व्होल्टेज १०५च्या खाली गेलं तर एसी लगेच बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर खरंच जळेल. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३६०० वॅटच मिळतात. एसीसोबत मायक्रोवेव्ह आणि गीझर लावला तर ब्रेकर पडणारच, त्यात एसीचा दोष नाही.

व्होल्टेज ठीक आहे, पण हवा गार नाही? फिल्टर धुवा, कॉइलवर बर्फ धरलाय का बघा. नुसती घरघर येते आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही? बहुतेक कपॅसिटर गेलाय. पण वीज तोडल्यावरही त्यात धक्का देण्याइतका चार्ज उरतो, ते काम जाणकारावर सोडा.

आणखी एक. घरी मोटरहोमसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेताना "१२० व्होल्ट" असं स्पष्ट सांगा. अमेरिकेत कपडे वाळवायच्या यंत्राचं ३० अँपिअरचं सॉकेट २४० व्होल्टचं असतं. त्या सवयीने वायरिंग झालं, तर गाडीतली उपकरणं क्षणात जळतात.

माणसांचंही असंच नाही का? निवांत वेळी सगळे ११९ दाखवतात. कोणी भाराखाली खचलं, की आपण पटकन म्हणतो, "याच्यातच दम नाही." खरं तर वाटेतला एखादा जोड सैल झालेला असतो.

आज एवढंच करा: कुणावर "बिघडलाय" असा शिक्का मारण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचतंय, ते मोजून बघा.