तोंडातील शस्त्रक्रिया : आधी काय सांगावे, नंतर काय पाळावे

दंतविभागात 'शस्त्रक्रिया' हा शब्द उच्चारताच रुग्णांच्या मनात दोन प्रकारचे विचार येतात, असे आम्ही पाहतो. काहींच्या मनात एवढी भीती दाटते की ते वेदनाशामक गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढतात आणि चेहरा सुजल्यावर परत येतात. काही जण मात्र 'दाढच तर काढायची आहे' असे म्हणून आपल्या इतर आजारांविषयी एक शब्दही बोलत नाहीत. हिरडीत आडवी अडकलेली अक्कलदाढ काढणे, तुटून राहिलेले मूळ काढणे, साचलेल्या पुवास वाट करून देणे, जबड्यातील गाठ काढणे किंवा संशयास्पद चट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी घेणे, या बहुतेक शस्त्रक्रिया लहान व सुरक्षित आहेत. त्यांतून जो त्रास उद्भवतो तो पुष्कळदा आधी न सांगितलेल्या गोष्टीमुळे किंवा नंतर न पाळलेल्या सूचनेमुळे उद्भवतो. म्हणून रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती येथे देत आहोत.

भीतीविषयी थोडेसे

'वरची दाढ काढली की नजर जाते' हा समज आजही आमच्या कानांवर येतो. वरच्या दातांना संवेदना पुरविणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आणि दृष्टीचा मज्जातंतू वेगळा. दात काढल्याने दृष्टीच्या मज्जातंतूस इजा होत नाही. दात पडण्याचे आणि मोतीबिंदू होण्याचे वय साधारणतः एकच असल्यामुळे हा समज रुजला असावा. वस्तुस्थिती उलट आहे. वरचा किडका दात तसाच ठेवला, तर त्यातील जंतुसंसर्ग पसरून डोळ्याखालपर्यंत सूज येऊ शकते.

दुसरी भीती वेदनेची. शस्त्रक्रियेतील भूल आणि दंतवैद्यक यांचे नाते जुने आहे. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची गुंगी देऊन दात काढला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठ्या शस्त्रक्रियेसाठीही ईथर वापरून दाखविला. आज बहुतेक रुग्णांना गुंगी द्यावी लागत नाही; १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेन या औषधाच्या इंजेक्शनाने तेवढाच भाग बधिर करता येतो. रुग्णास दाब व ओढ जाणवते, वेदना मात्र जाणवत नाही. पू झालेल्या जागी हे औषध नीट काम करीत नाही. म्हणूनच काही वेळा आम्ही प्रथम पू काढून किंवा औषधे देऊन, काही दिवसांनी दात काढतो. ही दिरंगाई नसते, हे नातेवाइकांनी ध्यानी घ्यावे.

आधी काय सांगावे

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेले एक वयस्क गृहस्थ मागे आमच्याकडे दाढ काढण्यासाठी आले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तस्राव थांबणार नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे त्यांनी त्या गोळ्या चार दिवस आधीच, कोणास न विचारता बंद केल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या पत्नीने हे सांगितले म्हणून आम्हांस कळले. त्या दिवशी आम्ही दाढ काढली नाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पुढे त्या चालू असतानाच दाढ काढली. टाके घालून, दाब देऊन रक्त थांबले. दाढेच्या जागेचा रक्तस्राव आम्हांस हाताने थांबविता येतो; स्टेंटमध्ये धरलेली रक्ताची गुठळी प्राणावर बेतू शकते. अशी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. वॉरफॅरिन किंवा तत्सम औषध घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्ततपासणी शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी केलेली असावी.

मधुमेही रुग्ण पुष्कळदा उपाशीपोटी येतात. केवळ जागा बधिर करून होणाऱ्या शस्त्रक्रियेस उपवास लागत नाही; उलट साखर उतरून चक्कर येण्याचा संभव असतो. अशा रुग्णांनी नेहमीचा नाश्ता व औषध घेऊन सकाळची वेळ मागावी. पूर्ण भूल द्यावयाची असेल तेव्हाच उपाशी राहावे लागते आणि किती वेळ राहावे हे भूलतज्ज्ञ सांगतात.

हाडांच्या ठिसूळपणासाठी अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड यांसारखी औषधे घेतलेल्यांनी, झोलेड्रोनिकचे इंजेक्शन वर्षातून एकदाच घेतले असले तरीही, ते अवश्य सांगावे. या औषधांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही, हे २००३ पासून वैद्यकास ज्ञात झाले आहे. डोके व मान यांवर किरणोपचार झालेल्या रुग्णांच्या बाबतीतही हाच धोका असतो. त्यामुळे खराब दात किरणोपचारापूर्वीच काढून घेणे हिताचे. कृत्रिम झडप, गर्भारपण, दमा, फिट येणे, औषधाची अॅलर्जी आणि तंबाखू, गुटखा वा मिसरीची सवय यांपैकी काहीही लपवू नये. सर्व औषधांची वेष्टने व जुने केसपेपर एका पिशवीत घालून आणले, तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

संमतिपत्र

संमतिपत्रावरील सही हा केवळ उपचार नव्हे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठास व हनुवटीस संवेदना देणारा मज्जातंतू जातो. त्यास धक्का लागल्यास ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते, क्वचित येत नाही. एक्स-रे पाहून हा धोका किती आहे, दाढ काढली नाही तर काय होईल, दुसरा मार्ग कोणता, हे प्रश्न सहीपूर्वी विचारावेत. प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचा आम्हांस राग येत नाही.

घरी गेल्यावर

दात काढल्यावर त्या खळग्यात जी रक्ताची गुठळी जमते, तीच जखमेचे पांघरूण असते. पुढील सर्व सूचना तिच्या रक्षणासाठी आहेत. गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरावा. दर दोन मिनिटांनी काढून पाहू नये. चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने ओढून पिऊ नये. लाळेत किंचित लाली दिसणे स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक घ्यावा. गरम शेक देऊ नये. थंड दूध, ताक, कोमट पेज, मऊ वरणभात चालेल. भाकरी, शेंगदाणे, चिवडा काही दिवस टाळावेत. बधिरपणा असेपर्यंत लहान मुले ओठ चावून जखम करतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते व मग ओसरते; एवढ्याने घाबरू नये. परंतु कमी होत आलेली वेदना दोन-चार दिवसांनी अचानक वाढून कानापर्यंत जाऊ लागली, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याचा संभव असतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळतो. अशा वेळी जखमेत लवंगेचे तेल, मिसरी वा गोळीची पूड भरू नये; आमच्याकडे यावे.

त्वरित केव्हा यावे

अर्धा तास दाब देऊनही रक्त वाहत राहिले, ताप चढला, तोंड उघडेनासे झाले, गिळता येईना, किंवा जबड्याखालची सूज गळ्याकडे उतरू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. गळ्याकडे उतरलेली सूज श्वासमार्ग बंद करू शकते. श्वास घेणे जड जात असेल, तर जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रात्रीच जावे.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो दाखवावा. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. विलंबाने मात्र तो निश्चित पसरतो.

दात्यांच्या साहाय्याने रुग्णालयास खुर्च्या, उपकरणे व औषधे मिळतात आणि गरजू रुग्णांचा भार हलका होतो. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या साहाय्याचे चीज व्हावयाचे तर रुग्णाच्या घरच्यांचीही साथ हवी. हा लेख वाचून एखाद्याने आपल्या आईच्या किंवा आजोबांच्या औषधांची पिशवी सोबत आणली, तरी आमचे काम पुष्कळ सोपे होईल.