मधुमेह आणि 'ड' जीवनसत्त्व : समज व सत्य

मधुमेह हा आता केवळ श्रीमंतांचा विकार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही अखेरच्या वर्षांत या विकाराने जर्जर केले होते. म्हणून या रोगाची शास्त्रशुद्ध माहिती प्रत्येक घरी पोहोचणे अगत्याचे आहे.

अलीकडे 'ड' जीवनसत्त्वाची पुडी घेतली की साखर उतरते, असा एक समज पसरत आहे. काही रुग्ण तर पुडी सुरू करून साखरेच्या गोळ्या बंद करतात. हा समज कितपत खरा, ते पाहू.

दोहोंचा संबंध काय?

सूर्यकिरण अंगावर पडले की त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांत त्यावर प्रक्रिया होऊन ते कामास येते. त्याचे मुख्य कार्य अन्नातील कॅल्शियम शोषून हाडे बळकट करणे हे होय. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्सुलिन तयार करतात, त्यांच्यावरही या जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. मधुमेही लोकांच्या रक्तात ते अनेकदा कमी आढळते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. लठ्ठपणा आणि घरात बसून राहणे यांमुळे 'ड' कमी होते, आणि त्याच कारणांनी मधुमेहही होतो.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४२३ लोकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ४००० युनिट 'ड' दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. २०१९ साली निष्कर्ष आला. सुमारे अडीच वर्षांत पहिल्या गटातील २९३ जणांना, तर दुसऱ्या गटातील ३२३ जणांना मधुमेह झाला. हा फरक इतका थोडा होता की तो योगायोगानेही पडू शकतो. मात्र त्यातील बहुतेकांच्या शरीरात 'ड' आधीच पुरेसे होते, हेही लक्षात घ्यावे. पुढे अशा तीन प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली असता उंबरठ्यावरील लोकांना थोडासा फायदा दिसला. म्हणून २०२४ साली अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने अशा लोकांना 'ड' देण्याचे सुचविले, पण आहार-व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांच्यासाठी 'ड' हे साखरेचे औषध नाही.

याउलट चेन्नईचा अनुभव पाहा. तेथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरील लोकांपैकी नेहमीप्रमाणे राहणाऱ्या शंभरांतील ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९ वर आले. म्हणजे पुडीपेक्षा पायांची ताकद मोठी!

ऊन कोणते घ्यावे?

सकाळचे कोवळे ऊन सुखद खरे, पण त्यात 'ड' तयार करणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हाचे ऊन उपयोगी. सावळ्या त्वचेस अधिक वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी मिळते. अन्नातून अंड्याचा बलक आणि बांगडा, तारली यांसारखे मासे यांतून थोडे 'ड' मिळते.

पुडीबाबत सावधगिरी

प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट धरली जाते. बाजारातील पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे शंभर दिवसांच्या गरजेइतकी असते. ती सहसा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच देतात. चुकून रोज घेतल्यास हे जीवनसत्त्व चरबीत साठत जाते, रक्तातील कॅल्शियम वाढते, मळमळ व अशक्तपणा येतो आणि मूत्रपिंडास इजा होते. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आपण काय करावे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही सोय आहे. आपण बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे की सडपातळ भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते. गूळ हा साखरेला पर्याय नव्हे, ही गोष्ट आपल्या गूळनगरीत तर विशेष सांगावी लागते. रोज अर्धा तास झपझप चालावे. हाडे दुखत असल्यास 'ड' ची तपासणी करावी की नाही, ते डॉक्टरांना विचारावे आणि कमी आढळल्यास ते हाडांसाठी अवश्य घ्यावे.

मात्र साखरेची गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. बंद केलेल्या गोळीची किंमत पुढे डोळे, पाय आणि मूत्रपिंड मोजतात, आणि कर्ता माणूस अंथरुणास खिळला की सारे कुटुंब कोलमडते.