मेंदूचा पक्षाघात असलेली किशोरवयीन मुले आणि वस्तीतील व्यायाम

एके काळी आपल्या वस्त्यांतून कॅलिपर लावलेला मुलगा दिसला की लोक म्हणत, "पोलिओ झाला असणार." लसीकरणाच्या प्रचंड मोहिमेमुळे २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. तरीही चालता न येणारी, हात वाकडे राहणारी, बोलताना अडखळणारी मुले आपल्या गल्ल्यांतून आजही आहेत. त्यांपैकी पुष्कळांना 'सेरेब्रल पाल्सी' म्हणजे मेंदूचा पक्षाघात असतो. हजार जन्मांमागे साधारणपणे दोन ते तीन बालकांना तो होतो. इंग्लंडमधील डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत या विकाराविषयी निबंध वाचला. त्यामुळे बराच काळ तो 'लिटलचा रोग' या नावानेच ओळखला जाई.

जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते आणि त्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो, हे त्याचे मूळ होय. हा संसर्गजन्य रोग नाही, आणि आईच्या कोणत्या पापाचे फळ तर मुळीच नाही. यांतील जवळजवळ निम्म्या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. परंतु तोंडातून लाळ येते, बोलणे स्पष्ट नाही, एवढ्यावरून शेजारीपाजारी त्यांना 'वेडा' ठरवून मोकळे होतात. ऐकणाऱ्या मुलाला सारे समजत असते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लहान बालके नसून बारा ते अठरा वर्षांची मुलेमुली हा आहे. मेंदूतील इजा वाढत नाही, पण शरीर वाढते. वयात येताना हाडे झपाट्याने लांब होतात आणि ताठर स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत. गुडघे अधिक वाकतात, टाचा उचलल्या जातात, वजन वाढते, थोडे चालले तरी थकवा येतो. दहाव्या वर्षी भिंतीला धरून नळापर्यंत जाणारा मुलगा सोळाव्या वर्षी खाटेवर बसून राहिलेला आपण पाहतो, आणि घरचे म्हणतात, "आजार वाढला." आजार वाढलेला नसतो. हालचाल बंद झालेली असते.

ती बंद का होते, याचे उत्तर ट्रॉम्बेकरांना वेगळे सांगायला नको. हाजीअलीला अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण येथून तेथे जायचे म्हणजे बसने मानखुर्द, हार्बर लोकलने कुर्ला, तेथे गाडी बदलून दादर, पुन्हा बदलून महालक्ष्मी. पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आई हे करते. चौदा वर्षांच्या, पस्तीस-चाळीस किलोच्या मुलाला घेऊन दादरचा पूल कोण चढणार? घरातील कमावत्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. १९७६ साली जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चिता कॅम्पला आणली गेली. शहराच्या टोकाला वसलेल्या माणसाला प्रत्येक सोय दूर पडते. म्हणून उपचाराचे केंद्र दूर असले तरी व्यायामाची जागा जवळ असली पाहिजे, एवढेच या लेखातून सांगावयाचे आहे.

येथे एक जुना समज दूर करणे अगत्याचे आहे. पूर्वी असे मानत की ताठर स्नायूंना जोर करायला लावला तर ताठरपणा वाढतो, म्हणून मालीश करावी, ताण द्यावा आणि विश्रांती द्यावी. मी स्वतः एका ओळखीच्या कुटुंबाला हाच सल्ला दिला होता आणि त्यांच्या मुलीने तो चार वर्षे पाळला. त्याची खंत आजही वाटते. नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले की शक्तीच्या व्यायामाने ताठरपणा वाढत नाही. खरी अडचण ताठरपणाइतकीच अशक्तपणाचीही असते.

किती व्यायाम करावा, याबाबत नेदरलँड्समधील ओलाफ व्हर्श्युरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत. शक्तीचा व्यायाम आठवड्यातून दोन ते चार वेळा, लागोपाठच्या दिवशी नव्हे, आणि निदान बारा ते सोळा आठवडे. दमसासाचा व्यायाम सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा, मग वाढवत तीनदा, प्रत्येक वेळी किमान वीस मिनिटे. शिवाय सतत बसून राहू नये, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे तरी हालचाल व्हावी. यासाठी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून उठणे आणि हळूहळू बसणे, हे दहा वेळा केले तर मांड्यांचा उत्तम व्यायाम होतो. आधाराला भिंत असली म्हणजे झाले. निरोगी माणसाचा दम 'बोलता येते पण गाता येत नाही' या खुणेने ओळखतात. या मुलांचे बोलणे मुळातच अडखळते, म्हणून कार्यकर्त्याने श्वास, घाम आणि चेहरा पाहावा.

सर्वांना एकच व्यायाम चालत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि २००७ साली त्यांत बारा ते अठरा वयोगटाची भर घातली. पहिल्या पायरीवरचा मुलगा धावतो, फक्त तोल थोडा जातो. पाचव्या पायरीवरच्याला मान सावरायलाही मदत लागते. डेन्मार्कमध्ये तीन चाकांची एक चौकट निघाली आहे. तिच्यात खोगिरासारखी बैठक व छातीला टेकू असतो, पेडल नसते. पायांनी जमीन मागे रेटत मुले चक्क धावतात. ती आपल्याला आज परवडेलच असे नाही. पण बोचिया हा खेळ परवडेल. त्यात सहा तांबडे, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू असतो. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे. हात उचलत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडता येतो. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. कापडी चेंडूंत वाळू वा धान्य भरून तो आपल्या विहाराच्या सभागृहात खेळता येईल, आणि व्हीलचेअरवरचा मुलगा धडधाकट मुलाला हरवू शकेल. किशोरवयात याचे मोल औषधापेक्षा कमी नाही.

मुंबईत या कामाची सुरुवात एका आईने केली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आपली कन्या मालिनी हिला योग्य शाळा मिळेना, तेव्हा डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढे संस्थेचे काम धारावीच्या वस्तीतही गेले. आज ती 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी चिब सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला उच्च शिक्षण घेतले आणि २०११ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. एका बोटाने टंकलेखन करणारी ही मुलगी घरातच ठेवली असती तर आपल्याला तिचे नावही कळले नसते.

आता आपल्या सभागृहाविषयी. दाराशी तीन पायऱ्या असल्या तर उंची सुमारे दीड फूट होते. एक फूट चढाला बारा फूट उतार हवा या हिशोबाने अठरा फुटांचा रॅम्प लागतो. गल्लीत एवढी जागा कोठून आणणार? मग भिंतीलगत वळवून घ्यावा लागेल. फळी टाकून काम भागते असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः व्हीलचेअरवर बसून चढून पाहावे.

सुरुवातीला डॉक्टर वा फिजिओथेरपिस्टने प्रत्येक मुलाला तपासलेच पाहिजे. खुबा दुखत असेल, फिट्स येत असतील तर ते वहीत नोंदवावे. आखडलेला सांधा कोणीही जोराने ओढू नये. मुलींसाठी शिकवायला बाईच असावी. मासिक पाळी सुरू झाली की पुष्कळ मुलींचे बाहेर पडणेच थांबवले जाते. एका मुलामागे एक तरुण कार्यकर्ता हवा, आणि तो दर आठवड्याला बदलू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० ने क्रीडेतील सहभाग हा हक्क मानला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. साधनांसाठी 'ॲडिप' योजना आहे. हे अर्ज भरून देण्याचे काम आपले महाविद्यालयीन विद्यार्थी सहज करू शकतील.

परंतु त्याआधी घरोघर जाऊन अशी मुले किती आहेत याची नोंद झाली पाहिजे. पावसाळा संपताच दोघादोघांनी गल्ल्या वाटून घ्याव्यात. घरी गेल्यावर आईवडिलांशी बोलून झाले की मुलाकडे वळावे आणि त्याला कोणता खेळ खेळायला आवडेल हे त्यालाच विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर थांबावे.